माश्यांचं पथ्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या सरांच्या हाताखाली डॉक्टरेट केली त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही अजून मला शाल घातलेली नाही. शाल घालणाऱ्यांशी खरं बोलता येत नाही. ती माणसं आपल्याकडे बघतच नसतात, फोटोग्राफरकडे बघत असतात.

मी शिरूरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर मांडवगण फराट्याचं. गावात मला माशीवाली मॅडम म्हणतात आणि ते बरोबरच आहे. फक्त लोकांना वाटतं, भोपळ्याला आणि पेरूला लागते त्या फळमाशीवर मी संशोधन केलंय. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी शेजारी येऊन बसतं आणि औषध विचारतं. माझी माशी ती नव्हे. माझी माशी म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालतं ते चिलट. माझ्या चुलत्यांनी, आप्पांनी, एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी येवढं शिकून चिलटं पाळली व्हय?"

व्हय, आप्पा. पाळली. आणि तीसुद्धा नीट पाळली नाहीत — पण ते पुढं.

थोडं शास्त्र सांगावं लागेल. कंटाळू नका, माझा गुन्हा त्यातच आहे. चिलटाच्या अंड्यातून अळी बाहेर येते तेव्हा तिच्या मेंदूतल्या बहुतेक मूळपेशी झोपलेल्या असतात. मूळपेशी म्हणजे जिच्यापासून पुढं चेतापेशी तयार होतात ती. अंड्यात असताना त्यांनी एक शिफ्ट केलेली असते, मग त्या थांबतात. पुन्हा कामाला कधी लागायचं? तर अळीनं खाल्ल्यावर. अंगाला लागेल असं काही पोटात पडलं की तसा निरोप मेंदूपर्यंत जातो, मूळपेशी जाग्या होतात आणि एकीच्या दोन होऊ लागतात. दोघींतली एक मूळपेशीच राहते, दुसरीपासून चेतापेशी होतात. आणि चेतापेशी एकदा झाली की झाली. ती पुन्हा विभागत नाही. कधी झोपायचं, कधी उठायचं, कधी कायमचं थांबायचं — हे पेशीला कोण सांगतं? आमची पुण्यातली सगळी प्रयोगशाळा या एका प्रश्नावर जगत होती.

माझ्या वाट्याला एक जनुक आलं होतं. सरांचा अंदाज असा की हे जनुक म्हणजे मूळपेशींचं गजराचं घड्याळ. ते बिघडवलं की मूळपेशी वेळेवर उठणार नाहीत. सरांच्या अंदाजाला लॅबमध्ये कुणी अंदाज म्हणत नसे. बाहेरून पाहुणे आले की सर फळ्यावर घड्याळ काढून दाखवत, काट्यांसकट. तेव्हा माझा एकही प्रयोग झालेला नव्हता.

होणार कसा? जनुक बिघडवलेल्या त्या माश्या इतक्या अशक्त की त्यांच्या अळ्या जगतच नव्हत्या. लॅबमध्ये माश्यांचं खाणं शिजवतात — मक्याचं पीठ, साखर, घट्ट होण्यासाठी आगर आणि यीस्ट. हे बाटल्यांत ओतायचं, थंड झालं की त्यावर माश्या सोडायच्या. चांगल्या अळ्या ते खाणं खणून काढतात. माझ्या अळ्यांच्यात तेवढं बळ नव्हतं. खाण्यावर फेस यायचा आणि त्या फेसातच त्या बुडून मरायच्या. रोज सकाळी बाटल्या उजेडात धरायच्या आणि मेलेल्या अळ्या बघायच्या, एवढंच माझं संशोधन होतं.

गावी गेले तेव्हा आईला सांगितलं, यीस्टच्या फेसासकट. आईला माश्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पण आजारी म्हटलं की तिला राहवत नाही. ती म्हणाली, "आजारी हायेत ना? मंग आंबवलेलं कशाला घालतीस त्यास्नी? हलकं कायतरी दे की."

आमच्या घरात ताप आलेल्या माणसाला आंबलेलं, आंबवलेलं काही द्यायचं नाही हे पक्कं होतं. पेज, गूळ, फार तर थोडं तूप. मी हसले. एवढं शिकलेली बाई, हसणारच. आणि परत येताना दौंडकडच्या मामाच्या गुऱ्हाळावरचा गूळ पिशवीत घालून आणला. माझ्या आजारी माश्यांसाठी मी वेगळं खाणं शिजवलं. मक्याचं पीठ, गूळ, आगर. यीस्ट घातलंच नाही. आजाऱ्याला आंबवलेलं देऊ नये ना.

अळ्या जगल्या. फेस नाही, बुडणं नाही. बारक्या राहिल्या, पण जगल्या. मी त्यांचे मेंदू काढले — खसखशीच्या दाण्याएवढा मेंदू, चिमट्यानं ओढून काढायचा — आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. विभागणारी पेशी हिरवी चमकते. साध्या माश्यांचा मेंदू दिवाळीतल्या गावासारखा उजळलेला. माझ्या माश्यांचा मेंदू म्हणजे लोडशेडिंग. सरांना बोलावलं. सर बराच वेळ डोळा लावून बसले आणि उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घड्याळ सापडलं होतं.

तुमच्या लक्षात आलंय का? माझ्या तेव्हा आलं नाही, हे शपथेवर सांगते. साध्या माश्या लॅबचं खाणं खात होत्या, आजारी माश्या माझं. आणि त्या खाण्यात अंगाला लागण्यासारखं जे काही असतं ते जवळजवळ सगळं यीस्टमध्ये असतं. मी माझ्या अळ्यांना पथ्यावर ठेवलं होतं. उपाशी पोटी कुणाच्या मूळपेशी उठतात?

इथपर्यंत चूक होती. चुकीबद्दल मला काही वाटत नाही. चुका सगळ्यांच्या होतात, आणि ही तर गोड चूक होती — घरच्या गुळाची.

मग गूळ संपला. एका लग्नासाठी गावी जायचं होतं, म्हणून जाताना त्या माश्या मीच लॅबच्या नेहमीच्या बाटल्यांत टाकून गेले. बऱ्याच मरतील हे गृहीतच धरलं होतं. तशा मेल्याही. परत आल्यावर ज्या उरल्या होत्या त्यांच्या अळ्यांचे मेंदू काढले आणि बघितलं. दिवाळी. आधी वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. खुणा तपासल्या. त्याच माश्या होत्या. जनुक बिघडलेलं, घड्याळ मोडलेलं, आणि मूळपेशी वेळेवर उठून कामाला लागलेल्या. आईचं वाक्य आठवलं. आणि सगळं एकदम कळलं — असं कळणं आयुष्यात फार थोड्या वेळा वाट्याला येतं, आणि मला ते नको होतं.

त्या आठवड्यात आमचा पेपर सरांच्या टेबलावर होता. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. त्यात खाण्याबद्दल एक ओळ होती — माश्या नेहमीच्या खाण्यावर वाढवल्या. मला ती ओळ खोडता आली असती. आत जाऊन सांगता आलं असतं. खाणं बदलून प्रयोग पुन्हा केला असता, तर त्यातूनही काहीतरी निघालंच असतं. मी त्या उजळलेल्या मेंदूंच्या काचा धुतल्या आणि पुसून परत डब्यात ठेवल्या.

कारणं सांगू? पुष्कळ आहेत. खेड्यातली मुलगी, सरांचा दरारा, शिष्यवृत्ती संपत आलेली, घरी लग्नाची घाई. माझ्यावर भाषणं करणारे हीच यादी वाचतात, फक्त तिथं ती कौतुकाची असते. यातलं एकही कारण खरं नाही. मला घाबरायला झालं नव्हतं. मला तो पेपर हवा होता. डोक्यावर ठेवलेला तो हात परत काढून घेतलेला मला बघायचा नव्हता. बस.

इथंच थांबलं असतं तर ही कबुली मी दिलीच नसती. चिलटांच्या मेंदूबद्दल जगात एक खोटं जास्त झालं, त्यानं कुणाचं काय अडतं? पण मग वैजू आली.

वैजू वरवंडची. घरची फुलशेती. माझ्यापेक्षा काही वर्षांनी लहान, त्याच लॅबमध्ये माझ्यामागून लागली. तिच्या संशोधनाचा पाया म्हणजे माझा पेपर. आधी माझा प्रयोग तसाच करून दाखवायचा, मग पुढं जायचं. एव्हाना त्या माश्यांचा वंश जरा सावरला होता, लॅबच्या खाण्यावर थोड्याफार तगत होत्या. आणि तिनं पेपरमध्ये लिहिलेलं वाचून नेहमीचं खाणं घातलं. तिच्या माश्यांचे मेंदू दर वेळी उजळलेले. दर वेळी. बिचारी दर वेळी माझ्याकडेच यायची. "ताई, बघा की जरा, माझं कुठं चुकतंय?"

तिचं कुठंच चुकत नव्हतं. त्या लॅबमध्ये तेव्हा तिच्या एकटीचं बरोबर येत होतं.

सरांचा धीर सुटत गेला. एकदा सगळ्यांसमोर, दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये, त्यांनी मला विचारलं, की तुझा प्रयोग हिला का जमत नाही? साधा प्रश्न. उत्तरही साधं होतं — सर, माझं खाणं वेगळं होतं. एवढंच. वैजू वही उघडून बसली होती, मी सांगेन ते लिहून घ्यायला. आणि मी म्हणाले, "हाताला गुण नाही तिच्या, सर."

सगळे हसले. सरही हसले. मीसुद्धा. आपल्याकडं डॉक्टरच्या हाताला गुण असतो, लोणचं घालणारीच्या हाताला असतो, रोप लावणाऱ्याच्या असतो. जगभरची मासिकं वाचणाऱ्या त्या खोलीत त्या शब्दावर कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. मी स्वतः अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत फिरते. लिंबू-मिरचीवर माझा एक विनोद ठरलेला आहे. आणि गरज पडली तेव्हा मला तोच शब्द सापडला, जो तपासता येत नाही. मोजता येत नाही, खोडता येत नाही. ती काय म्हणणार होती? माझ्या हाताला गुण आहे, हे सिद्ध कसं करायचं?

शब्द चिकटला. तिनं चिमटे बदलले. हात सारखे धुवायला लागली. कुणी काही नवीन करायला घेतलं की इतर तिला गमतीनं म्हणायचे, वैजू, तू लांब राहा गं. ती राहायची. एक दिवस मला म्हणाली, ताई, शेजारी बसून बघा, मी करते. मी बसले. तिनं अळी काचेवर घेतली, दोन चिमट्यांनी धरली, आणि शेवंतीची पाकळी काढावी तसा मेंदू अलगद बाहेर घेतला. कुठं फाटला नाही, तुटला नाही. माझा हात असा कधीच चालला नाही. चालणारही नाही.

मी म्हणाले, जरा हळू करत जा.

हे मी का म्हणाले? तुम्हीच सांगा. पेपर छापून झाला होता, डॉक्टरेट मिळाली होती, नोकरी शिरूरला पक्की झाली होती. मला काही कमवायचं उरलं नव्हतं. तरी म्हणाले. त्या काचा धुतल्या त्याला तुम्ही हाव म्हणा, मीटिंगमधल्या वाक्याला भ्याडपणा म्हणा. या तिसऱ्याला मला शब्द सापडलेला नाही, आणि शोधायचाही नाही.

वैजू डॉक्टरेट अर्धवट टाकून गेली. लग्न झालं. कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात लागली, माल तपासायच्या लॅबमध्ये, शिफ्टची नोकरी. मी शिरूरला पेशीचक्राचा धडा शिकवत राहिले. त्यात मूळपेशी उठण्याचा भाग आला की मी खाण्याचं सगळं बरोबर शिकवते. पुढं दुसऱ्यांनी ते नीट शोधून काढलं, पुस्तकांत आलं. आमचं घड्याळ कुणी खोडलं नाही. त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. खोटं उघडकीला यायला तेवढी तरी किंमत लागते.

गेल्या हिवाळ्यात वरवंडच्या एका शाळेनं मला विज्ञान प्रदर्शनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. फाट्यावर फ्लेक्स, त्यावर माझा जुना फोटो, भोवती सूक्ष्मदर्शक आणि का कुणास ठाऊक, एक रॉकेट. अध्यक्ष स्थानिक पुढारी. ते म्हणाले की या मातीतल्या लेकींच्यात खमीर आहे, खमीर, म्हणूनच मॅडम इथवर पोचल्या. खमीर म्हणजे यीस्ट. माझी अख्खी डॉक्टरेट ज्याच्या नसण्यावर उभी आहे नेमकं तेच. मी खाली बघून हसले आणि लोकांना वाटलं, मॅडम लाजल्या. टाळ्या पडल्या.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा होता. दारात वैजू उभी. शिफ्ट संपवून थेट आलेली, कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात. बरोबर तिची दहावीतली मुलगी. मुलीनं प्रदर्शनात केळ्याच्या साली बरण्यांत घालून चिलटं पाळली होती, ती आत्ताच मी बघून आले होते, कुणाची ते माहीत नव्हतं. वैजूनं माझी ओळख करून दिली ती अशी — ह्या माझ्या ताई, ह्यांनीच मला सगळं शिकवलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला. असता तर बरं झालं असतं.

बोलता बोलता सांगत होती, की कारखान्यात अजूनही ती आपलं प्रत्येक रीडिंग दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेते. साहेब म्हणतात, कशाला? पण आपल्याला आपलं माहीत असतं ना, म्हणाली. मग मुलीकडं वळून मला म्हणाली, "ताई, तुमीच समजावा हिला. प्रयोगाच्या लाईनीला जायचं म्हणतीय. मी सांगितलंय, आपल्या घरात हातगुणच न्हाई."

मुलगी माझ्याकडं बघत होती. आई चुकीचं बोलतेय असं मी म्हणेन, याची तिला खात्री असावी. प्रमुख पाहुणी ना मी. अंधश्रद्धेवर आत्ताच दहा मिनिटं बोलले होते.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, बघू की, वेळ आहे अजून.

आता वेळ नाही. दहावीचा निकाल लागलाय. अकरावीला कुठली शाखा घ्यायची ते या महिन्यात ठरेल. म्हणून हे आत्ता, आणि छापून.

वैजूच्या दारात जाऊन, हळूच, एकटीला का नाही सांगितलं, असं कुणी विचारेल. विचारू दे. तिची नाचक्की मी चारचौघांत केली होती. ती कानात कुजबुजून पुसली जात नाही. आणि मला वैजू माहीत आहे. दारात गेले असते तर तिनं चहा केला असता, जाऊ द्या हो ताई म्हणाली असती, आणि मी माफी खिशात घालून संध्याकाळच्या आत शिरूरला पोचले असते. तशी माफी मला नको. माफी मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. मी मागत नाही. तुमच्याकडंही नाही.

सर हे वाचतील. वाचू देत. फळ्यावरचं ते घड्याळ आता कुणीतरी पुसायला हवं, आणि खडू त्यांच्याच हातात होता. कॉलेज वाचेल, त्याला जे करायचं ते करू दे. शाली कपाटात आहेत. कुणाला परत हव्या असतील तर घेऊन जाव्यात, एक सोडून सगळ्या कोऱ्या आहेत. ती एक मी इस्त्रीखाली अंथरते.

आईला सांगणार आहे. ती म्हणेल, मी तर माणसांचं पथ्य सांगितलं होतं. बरोबर आहे तिचं.

वैजू, हे तुझ्यासाठी, आणि तुझ्या लेकीसमोर. तुझ्या सगळ्या बाटल्या बरोबर होत्या. तू बघितलेला प्रत्येक मेंदू खरोखरच उजळलेला होता. तुला जे दिसलं ते तसंच होतं, आणि मला ते तुझ्या आधी दिसलेलं होतं. मी शेजारी बसून तुझा हात बघितला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

गुण तुझ्याच हाताला होता. गूळ माझा होता.